वाचकांचे प्रश्न : प्रॉडक्ट प्रमुखाचे पद घ्यावे का?

प्रश्न : मी मूळचा जळगावचा असून पुण्यात प्रोग्रामर आहे. जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या) कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक नवी कंपनी मला प्रॉडक्ट प्रमुख म्हणून बोलावते आहे. पगार कमी आहे, परंतु पुढे सवलतीत कंपनीचे शेअर्स घेण्याचा हक्क मिळेल. एमबीए नसताना हे पद झेपेल का?

उत्तर : एमबीए नसल्याने फारसे अडणार नाही. कंपन्यांना विकायच्या सॉफ्टवेअरचे पैसे मालक देतो आणि ते रोज वापरतो मुनीम. या दोघांच्या गरजा क्वचितच जुळतात, आणि त्यांचा मेळ घालणे हेच या पदाचे मुख्य काम असते. म्हणून हंगामात धरणगाव किंवा बोदवडच्या एखाद्या जिनिंगमध्ये काट्याशेजारी उभे राहून कापसाची आर्द्रता, रुईचा उतारा (कापसातून किती रुई निघाली), सरकीची विक्री आणि सुमारे १७० किलोच्या गाठींची नोंद कोण, कोठे आणि का करतो, ते पाहावे. (बहुधा ती नोंद एका जाड वहीत सापडेल.)

खरी कसोटी पुढे लागते. पहिला मोठा ग्राहक ‘आमच्यापुरते एवढे बदलून द्या’ म्हणतो, विक्री विभाग होकार देऊन मोकळा होतो, आणि पाच ग्राहकांसाठी पाच वेगळी सॉफ्टवेअरे सांभाळण्यात कंपनीची दमछाक होते. तेव्हा नकार देण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल का, हे संस्थापकांना आधीच विचारा.

शेअर्सबाबत एवढेच, की कायद्यानुसार हक्क मिळाल्यापासून किमान १ वर्ष ते घेता येत नाहीत, आणि घेताना सवलतीच्या रकमेवर (शेअरची त्या वेळची किंमत आणि तुम्ही दिलेली किंमत यांतील फरकावर) पगाराप्रमाणे कर लागतो; त्यामुळे घरखर्च हाती येणाऱ्या पगारावरच बेतावा.