हॅकिंगचा क्लास थांबू द्या, आधी नेटवर्क येऊ द्या

प्रश्न: मुलगा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला पुण्यात सहा महिन्यांचा एथिकल हॅकिंगचा कोर्स करायचाय. फी सव्वा लाख, नोकरीची 100 टक्के हमी. सोसायटीतून कर्ज काढायच्या विचारात आहे. सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) कर म्हटलं तर म्हणतो, ते जुनं झालं, आता सगळं क्लाउडवर. काय करू? – एक पालक, बार्शी

उत्तर: सप्रेम नमस्कार. कर्ज तूर्त काढू नका. मुलाची आवड खोटी नाही, पण दुसरीतून उठून थेट दहावीला बसायला निघालाय तो. आणि क्लाउडचं म्हणाल, तर तिथेही सबनेट (नेटवर्कचे छोटे भाग), राउटिंग (डेटाची वाट ठरवणं), फायरवॉलचे (कुणाला आत सोडायचं याचे) नियम हेच असतं, फक्त केबल दिसत नाही.

सिक्युरिटीचा नेटवर्कशी काय संबंध, ते आपल्या दारातल्या उदाहरणावरून बघा. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलपर्यंत येऊन धडकला. कंटेनर अडकून पडले. तो ज्या फटींतून पसरत होता, त्यांतल्या एकीवरचा पॅच (फट बुजवणारी दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण पॅच मारलेली मशीनही सुरक्षित नव्हती, कारण तो मेमरीतले पासवर्ड उचलून पुढे सरकत होता. अशा वेळी नुकसान आटोक्यात राहतं ते नेटवर्कचे व्हीलॅनने (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्क करायची सोय) कप्पे पाडलेले असले आणि कुठल्या कप्प्याने कुणाशी बोलायचं हे नीट बांधलेलं असलं तर. हे काम नेटवर्क अ‍ॅडमिनचं.

चिरंजीवांची घरीच परीक्षा घ्या. लॅपटॉपवर नेट चालत नाही, म्हणा. नुसता राउटर बंद-चालू केला तर अजून वेळ आहे. आयपीकॉन्फिग (मशीनचा नेटवर्कमधला पत्ता दाखवणारी कमांड) मारून, पत्ता 169.254 ने सुरू होतोय हे बघून ‘डीएचसीपीकडून (पत्ते वाटणारी सेवा) आयपीच मिळाला नाही’ म्हणाला, तर पाया बरा आहे. पत्ता ठीक असेल तर आधी गेटवेला, म्हणजे घरच्या राउटरला, पिंग (उत्तर येतं का ही हाक), मग 8.8.8.8 या गुगलच्या सर्व्हरला. तो लागतोय, पण वेबसाइट नावाने उघडत नाही? मग संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेवर. अशी एकेक पायरी तपासत जाणारा पोरगा मुलाखतीत उठून दिसतो. ओएसआयचे (नेटवर्कच्या पुस्तकी मॉडेलचे) सात लेयर घडाघडा म्हणणारे पैशाला पासरी असतात. सबनेटिंग, म्हणजे पत्त्यांचे गट पाडायचा हिशेब, मात्र तोंडी यायला हवं: /26 म्हटलं की 64 पत्ते, वापरता येणारे 62.

यासाठी सव्वा लाख लागत नाहीत. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे नकली नेटवर्क उभारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात स्विच-राउटर जोडून हवी तेवढी मोडतोड करता येते. नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं वायरशार्कही फुकट. घरी दोन मशीन जोडून एकदा टेलनेटने (दुसऱ्या मशीनवर जायची जुनी, उघडी पद्धत) लॉगिन करायला सांगा आणि वायरशार्कमध्ये बघायला लावा. पासवर्ड अक्षर न् अक्षर उघडा दिसेल. मग तेच एसएसएचने, म्हणजे कुलूपबंद पद्धतीने. एन्क्रिप्शन कशासाठी, यावर वेगळं लेक्चर लागणार नाही. शिवाय लिनक्स रोज वापरू दे. तयारी झाली की सीसीएनएची परीक्षा द्यावी. 120 मिनिटांचा एकच पेपर असतो, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

पहिली नोकरी बहुधा डेस्कटॉप सपोर्ट किंवा नॉकमधली (नेटवर्कवर लक्ष ठेवणारी खोली), रात्रपाळीसह. रॅकमधल्या केबलींचा गुंता, क्रिम्पिंग (केबलला टोक बसवणं), लॉग (मशीनच्या नोंदी) चाळणं. याला तो नाक मुरडणार असेल तर आत्ताच कळलेलं बरं. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची आणि लॉग 180 दिवस जपायचे, असा 2022 पासून नियम आहे. त्यामुळे लॉग वाचता येणारा माणूस कंपन्यांना लागतोच.

एक गोष्ट त्याला दटावून सांगा. सराव फक्त स्वतःच्या मशीनवर. शेजाऱ्याचं वाय-फाय किंवा कॉलेजचा सर्व्हर ‘सहज’ उघडून बघितला, तरी आयटी कायद्याच्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

क्लासवाल्यांकडून ती 100 टक्के हमी लेटरहेडवर मागा: कुठलं पद, किती पगार, नाही लागली तर फी परत का. देतात का बघा, आणि कागद मिळाला तर सही करण्याआधी मला पाठवा.