घरातल्या तीन वयोगटांसाठी कोणती मराठी कथा-कादंबरी निवडावी?

दहा वर्षांचा मुलगा, महाविद्यालयात जाणारी मुलगी आणि सत्तरीतली आई अशा तिघांसाठी तुम्ही ललित पुस्तके विचारली आहेत.

मुलासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्यावा. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, आणि त्याच्या साहसांचा वेग इतका आहे की जुन्या काळातील तपशील मुलांना फारसे अडत नाहीत. विज्ञानाची ओढ असल्यास नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह दोन-तीन वर्षांनी द्यावा.

मुलीला 1963 साली आलेली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी सुचवताना मी थोडा कचरतो, कारण तिच्या वसतिगृहात राहणाऱ्या नायकाचा, पांडुरंग सांगवीकरचा, तिरकस सूर काहींना पहिल्या पन्नास पानांतच कंटाळवाणा वाटतो. मात्र वसतिगृहात राहिलेल्या वाचकाला तो सहसा सोडत नाही. भयकथा आवडत असतील तर नारायण धारप आहेतच.

आईंसाठी प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ हा कथासंग्रह निवडावा. त्यातील लंपन हा शाळकरी मुलगा असला, तरी त्याचे आजीवरचे प्रेम आणि सीमाभागातील कानडी वळणाची मराठी यांची खरी गोडी मोठ्या वयातच कळते, म्हणून केवळ नायकाच्या वयावरून पुस्तकाला ‘बालसाहित्य’ ठरवणारी परीक्षणे मला पटत नाहीत.