‘आंतरकवटी रक्तदाब’ की कवटीतला दाब?

धुळ्याहून विचारणा आहे: दवाखान्याच्या पत्रकात ‘आंतरकवटी रक्तदाब वाढल्यास’ असं छापलंय, ते बरोबर का? आणि हा बीपीचाच प्रकार का?

दोन्ही शब्द चुकलेत. ‘आंतर’ म्हणजे दोहोंमधला: आंतरजातीय, आंतरजिल्हा. ‘आंतरकवटी’ला दोन कवट्या लागतील! आतल्या अर्थी ‘अंतर्’. पुढे क आला की विसर्ग. अंतःकरण, तसं अंतःकरोटी (करोटी म्हणजे कवटी). पण पत्रकात एवढं जड कशाला? ‘कवटीतला दाब’ पुरे. अहिराणीत ‘डोकामा’ (डोक्यात) म्हटलं की त्या ‘मा’वरच काम भागतं.

‘रक्त’ही काढा, हा बीपीचा प्रकार नव्हे. कवटी ही हाडाची बंद पेटी. आत मेंदू, सुमारे १५० मिली मेंदूजल (मेंदूच्या आत-भोवती असणारं पाणी) आणि जवळपास तेवढंच रक्त. एक वाढलं की दुसऱ्यांनी सरकायचं. सरकायला जागा उरली नाही की दाब झपाट्याने चढतो. झोपलेल्या मोठ्या माणसात तो ७ ते १५ मिमी पारा असतो, २०च्या वर टिकला तर धोका. दंडाच्या पट्ट्यावर तो कळत नाही. घोळ होतो तो असा, की हा दाब फारच वाढला तर बीपीही चढतं, नाडी मात्र मंदावते.

‘डोक्यात पाणी झालं’ हा बोलीतला शब्द अचूक आहे. मेंदूजल रोज ५०० मिलीच्या आसपास तयार होतं. वाट अडली की तुंबतं. बाकी कारणं म्हणजे गाठ, मार लागून साकळलेलं रक्त, मेंदूज्वर, मेंदूच्या शिरेतली गुठळी. गुठळी बाळंतिणीला होते, तशी अंगातलं पाणी फार आटल्यावरही. भुसावळच्या मे महिन्यात हे लक्षात असू द्यावं. लक्षणं अशी: डोकं दुखणं पहाटे जास्त, खोकताना-वाकताना वाढणारं, सोबत ओकाऱ्या किंवा एकाचे दोन दिसणं. ‘पाठीतलं पाणी काढणं’, म्हणजे कण्यात सुई घालून मेंदूजल काढणं, अशा वेळी आधी स्कॅन करूनच. आत गाठ असली तर खालून पाणी निघताच मेंदू खाली ओढला जाऊन अडकू शकतो.

तान्ह्या बाळासाठी शब्द ‘टाळू फुगणे’. तोंडातल्या टाळूशी गल्लत नको. रडताना टाळू वर येते, ते चालतं. शांत, उभं धरलेल्या बाळाची टाळू टणक फुगलेली लागली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.