तो बेल्ट का सोडत होता?

"मॅडम, बसमध्ये त्याला बांधून ठेवलं तर चालेल का?"

खुर्चीत नीट टेकण्याआधीच त्या आईनं हे विचारलं, तेही खाली बघत. मुलगा पाच वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), अजून बोलत नाही. आई त्याला पिल्लू म्हणते, मीही इथे तेच नाव वापरते. शाळेची बस सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि दोनदा तक्रार आली होती: बेल्ट सोडून उभा राहतो, दाराकडे जातो. आणखी एकदा झालं तर बस बंद.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांशी बोलताना बसचा विषय हमखास निघतो. घरी आणि शाळेत मुलाला ओळखणारी माणसं असतात. मधल्या अर्ध्या तासात मात्र त्याला काय होतंय हे ना तो सांगू शकत, ना आपण बघू शकत.

मी म्हटलं, "बांधायचं की नाही ते नंतर ठरवू. आधी तो नेमका कधी उठतो ते शोधू." शाळेची परवानगी काढून आईनं दोन दिवस बसमधून जायचं, मागच्या सीटवर बसायचं आणि वहीत फक्त एवढंच लिहायचं: तो उठला त्याच्या लगेच आधी काय झालं.

वही घेऊन ती आली. दोन दिवसांत पिल्लू पाच वेळा उठला होता आणि पाचही वेळा कुठला तरी थांबा आला होता. थांबा आला की बसमधल्या मावशी मोठ्यानं म्हणायच्या, "चला, उठा, पटापट!" त्या म्हणायच्या दुसऱ्या मुलांना, उठायचा पिल्लू. आणि त्यानं दार गाठेपर्यंत बस पुन्हा सुटलेली असायची.

थेरपीत कित्येक महिने आम्ही त्याला हेच शिकवलं होतं. "चला, उठा" म्हटलं की उठायचं. उठला की शाबासकी. सगळ्यांना उद्देशून म्हटलेलं वाक्य आपल्यासाठी आहे की नाही, हे ओळखणं बऱ्याच स्वमग्न मुलांना अवघड जातं. पिल्लू हट्ट करत नव्हता. तो सांगितलेलं ऐकत होता.

वाचता वाचता आई थांबली. "आणि मी त्याला रोज रागवत होते," म्हणाली, आणि बराच वेळ तिला पुढे बोलता आलं नाही.

उपाय साधा निघाला. मावशींनी उतरणाऱ्या मुलाचं नाव घेऊन हाक मारायची. पिल्लूसमोर एक कार्ड: एका बाजूला लावलेल्या बेल्टचं चित्र, दुसऱ्या बाजूला शाळेच्या फाटकाचा फोटो. शाळा आली की मावशी कार्ड उलटवणार. फाटक दिसलं की बेल्ट सुटणार, तोही मावशींच्या हातानं. घरी खुर्च्या मांडून आईनं याची रोज तालीम घेतली, उभ्या बसमध्येही दोनदा. त्याची जागा दारापासून लांब, खिडकीशी केली आणि शेजारी मावशी. तरी पहिला आठवडाभर तो अधूनमधून उठतच होता. जुनी सवय एका दिवसात जात नाही.

काही मुलांना खरोखरच जास्त आधाराचा हार्नेस, म्हणजे खांद्यांवरून आणि छातीवरून जाणारे पट्टे, लागतो, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण तो मुलाच्या मापाचा, वाहनासाठीच बनवलेला हवा. बसमधल्या मोठ्यांना तो झटकन सोडता यायला हवा आणि पट्टा कापायचं साधन हाताशी हवं. घरच्या कापडानं किंवा दोरीनं कधीही बांधू नका. आग लागली तर तीच गाठ जीव घेईल. आणि शिक्षा म्हणून तर हार्नेस कधीच नाही. व्हीलचेअर असेल तर ती पुढे तोंड करून, चार ठिकाणी जमिनीला बांधलेली, आणि मुलाला बेल्ट वेगळा. नुसता व्हीलचेअरचा ब्रेक पुरत नाही.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो मनात असूनही बरेच पालक ओठांवर आणत नाहीत. "कुणी त्याला काही केलं, तर मला कळणार कसं?"

"असं काही होणार नाही" असं मी म्हणत नाही. मी सांगते, मुलाला फक्त ठरलेल्या माणसाच्या हातात द्या आणि ठरलेल्यानंच घ्या. बसमध्ये कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण कोण बघतं ते विचारा. आंघोळ घालताना अंगावर लक्ष असू द्या. एकाएकी बसला नकार, एखाद्याच माणसाची भीती, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा लागणं, हे मुलाचं बोलणंच आहे. त्याच दिवशी चौकशी करा. त्याला "नको" दाखवायला शिकवा, आणि घरी त्याचं "नको" पाळा. घरीच चालत नसेल तर बाहेर तो ते वापरेल कशाला?

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीच्या बसच्या माहितीपत्रकावर फक्त "फिट येते" इतकंच लिहिलेलं होतं. एवढ्यावरून मावशींनी करायचं काय? आम्ही नव्यानं लिहिलं: बस बाजूला थांबवा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा, 5 मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. फिटनंतर मूल गाढ झोपतं आणि झोपलेलं लहान मूल सीटमागे दिसत नाही. म्हणून फेरी संपली की प्रत्येक सीट हात लावून तपासायची, कुणी बसमध्ये राहून जायला नको. लहान मुलाचं अंग बंद गाडीत मोठ्यांपेक्षा 3 ते 5 पट वेगानं तापतं. न कळवता मूल गैरहजर असेल तर शाळेनं लगेच घरी फोन करायला हवा, तेही मागून घ्या.

चार महिन्यांनी पिल्लूच्या आईचा फोन आला. मावशी काम सोडून चालल्या होत्या, ती पुरती घाबरली होती. जुन्या आणि नव्या मावशींनी तीन दिवस एकत्र प्रवास करावा, असं आम्ही शाळेला कळवलं. तिसऱ्या दिवशी कार्ड नव्या मावशींच्या हातात होतं. फाटक आलं, पण त्या कार्ड उलटायला विसरल्या. पिल्लू बसून राहिला, आणि त्यानं स्वतः हात पुढे करून ते उलटवलं.