ऊती, स्नायू आणि शिवलेली होडी

डिचोलीच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे की, परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या त्यांच्या कन्येच्या टिपणांत 'संयोजी ऊतक' असे लिहिलेले आहे, तर त्यांच्या स्वतःच्या शालेय पुस्तकात 'संयोजी ऊती' (शरीराचे भाग जोडणारी आणि त्यांना आधार देणारी ऊती, इंग्रजीत 'कनेक्टिव्ह टिश्यू') असे होते. यांतले बरोबर कोणते, आणि या ऊतीत 'पेशी व तंतू' असतात असे म्हणताना तंतू ही सुद्धा पेशीच नव्हे काय?

पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीचे आहे. मराठीत 'ती ऊती, त्या ऊती' असे स्त्रीलिंगी रूप रुळलेले असून 'ऊतक' हे हिंदी पाठ्यपुस्तकांतून सरकत आलेले आहे. तो शब्द अशुद्ध नाही, पण अशा आयातीबरोबर बाकीचे सामानही येते आणि तिथे माझा संयम सुटतो. गुडघेदुखीपायी मी एका दवाखान्यात ताटकळत बसलो असता हाती पडलेल्या मराठी पत्रकात 'हाडाला हाड स्नायूने बांधलेले असते' असे वाक्य छापलेले होते, आणि दोन ओळी खाली 'मांसपेशी'ही होत्या. हिंदीत स्नायु म्हणजे अस्थिबंध आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. मराठीत पेशी हा शरीराचा सूक्ष्म घटक आणि स्नायू म्हणजे दंड फुगवून दाखवतात तो. संस्कृताच्या दृष्टीने ते पत्रक निर्दोष आहे हे मला मान्य आहे, परंतु ते सुश्रुतासाठी नव्हे, तर माझ्या शेजारी बसलेल्या, काठी टेकत आलेल्या आजींसाठी छापलेले होते.

आता 'ऊती'कडे वळतो. एका विद्वान मित्राने मला ठासून सांगितले होते की, हा शब्द 'अव्' म्हणजे रक्षण करणे या धातूपासून आला आहे, पाणिनीच्या सूत्रात 'ऊति' सिद्ध आहे, आणि ऊती शरीराचे रक्षण करते म्हणून तिला हे नाव पडले. सूत्र खरे आहे आणि वेदांतली 'ऊति' म्हणजे साहाय्य, रक्षण हेही खरे आहे. पण शरीरशास्त्राच्या ऊतीशी तिचा संबंध नावापुरताच. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'वेञ्' (वे) आणि 'ऊयी' (ऊय्) असे दोन धातू आहेत आणि दोहोंचा अर्थ एकाच समासात दिलेला आहे: तन्तुसन्ताने, म्हणजे तंतू पसरत नेणे, विणणे. 'ऊत' म्हणजे विणलेले. आपण 'ओतप्रोत' म्हणतो त्यातला 'ओत' याच कुळातला आहे, आणि 'प्रोत' म्हणजे ओवलेले. 'वे'चे रूप ऱ्हस्व 'उत' होते असा जो आक्षेप मित्राने पुढे केला, त्याला 'ऊय्' हे उत्तर आहे. दीर्घ ऊकार तिथे आयताच मिळतो. ते अद्याप गप्प आहेत.

परिभाषा करणाऱ्यांसमोर इंग्रजी 'टिश्यू' होता, आणि तो फ्रेंचमधल्या विणलेल्या कापडाच्या नावावरून आलेला आहे. बिशा या फ्रेंच वैद्याने १८०० च्या सुमारास, सूक्ष्मदर्शकावर विश्वास न ठेवता, केवळ शवविच्छेदनावरून ऊतींचे २१ प्रकार सांगितले, तेव्हा त्याने हेच नाव वापरले. गोव्यात तर हे कोणाला पटवून देण्याची गरज पडू नये. पणजीत १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात जे पोर्तुगीजमधून शिकले, त्यांच्यासाठी शरीरातली ऊती आणि दुकानातले कापड या दोहोंना एकच शब्द होता, 'तेसीदु'. हॉटेलात हात पुसायला देतात त्या कागदापेक्षा टिश्यू साडी मूळ अर्थाच्या कितीतरी जवळ आहे.

'तेसीदु'च्या मागे लॅटिनमधला विणण्याचा धातू आहे आणि त्याचा संस्कृत भाऊ 'तक्ष्', म्हणजे लाकूड तासणे. तिकडे कोष्टी, इकडे सुतार. मात्र आपला 'सुतार' शब्द 'सूत्रधार'पासून आलेला आहे, म्हणजे सुताराच्या हातातही सूत आहेच. हे सूत आखणीचे, असे सर्व जण सांगतात. माझा तर्क असा की, त्यात फळ्या शिवण्याच्या सुताचीही आठवण असावी. हा तर्क माझ्या एकट्याचा आहे आणि तो सोडण्याचा माझा विचार नाही. त्याला बळ मिळते ते सुश्रुताच्या एका दृष्टांताने: फळ्यांची होडी पुष्कळ बंधनांनी घट्ट बांधली म्हणजे जशी माणसांचा भार पेलते, तसे स्नायूंनी (त्याच्या अर्थाने, म्हणजे अस्थिबंधांनी) सांधे बांधलेले असल्यामुळे माणूस भार पेलतो. सुश्रुताने अशा ९०० स्नायू मोजल्या आहेत. गोव्यात काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले. त्याची छायाचित्रे पाहताना मला तो दृष्टांतच आठवत राहिला. संयोजी ऊतीचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग राहून गेला. संयोजी ऊतीतला तंतू ही पेशी नव्हे. इथे पेशी विरळ असतात, आणि त्यांच्यामधल्या जागेत त्यांनीच स्रवलेल्या द्रव्यापासून तंतू तयार होतात. ते प्रामुख्याने फायब्रोब्लास्ट या पेशी करतात, म्हणून त्यांना कोष्टी म्हणण्यापेक्षा कोळी म्हणावे, कारण सूतही त्यांचे स्वतःचेच असते. या तंतूंपैकी कोलॅजेन तंतूंच्या रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, आणि प्रत्येक साखळीचा पीळ डावा तर तिघींचा मिळून उजवा असतो. सुंभ वळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, उलट पीळ दिला नाही तर दोर उकलतो. इलास्टिक तंतू ताणून सोडले की पूर्ववत होतात, आणि जालिका तंतूंची बारीक जाळी यकृत, प्लीहा इत्यादींना आतून आधार देते. रक्तालाही संयोजी ऊती म्हणतात आणि त्यात तंतू कुठे आहेत, असे मित्र विचारतीलच; त्यांनी रक्त गोठताना तयार होणारे फायब्रिनचे जाळे पाहावे.

भगिनींचा गोंधळ मात्र रास्त आहे, कारण 'स्नायुतंतू' ही खरोखरच एक लांबट पेशी असते आणि 'चेतातंतू' हा पेशीचाच लांबलेला भाग असतो. एकच 'तंतू' शब्द आपण जिवंत पेशीला आणि पेशीने बाहेर टाकलेल्या धाग्याला लावून बसलो आहोत. कन्येने टिपणांत 'ऊतक'च्या जागी 'ऊती' केले नाही तरी चालेल, पण संयोजी ऊतीच्या पानावर 'तंतू' या शब्दाच्या आधी प्रत्येक वेळी 'कोलॅजेन', 'इलास्टिक' किंवा 'जालिका' अवश्य लिहावे.