वाचकांचे प्रश्न : ध्यानीमनी नसताना गाभण राहिलेली गिनीपिग

प्रश्न : आदरणीय डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलाच्या हट्टाखातर दोन गिनीपिग आणले. दोन्ही माद्या आहेत आणि साधारण दोन महिन्यांच्या आहेत, असे दुकानदाराने सांगितले होते. आता अडीच महिन्यांनंतर तपकिरी मादीचे पोट दोन्ही बाजूंनी फुगले आहे, तिचे वजन ११५० ग्रॅम भरले आहे आणि पोटाला हात लावला की आत काहीतरी हलल्यासारखे वाटते. दुसरी ‘मादी’ घरघर आवाज करीत आणि मागचा भाग डोलवत सारखी तिच्यामागे फिरत असते. ही गाभण असेल का? असल्यास पिल्ले कधी होतील आणि तिला काय खायला द्यावे? नर पिल्लांना मारतो असे ऐकले आहे, म्हणून दोघांना वेगळे करावे का? वेगळे केले तर दोघे झुरतील, असे माझ्या मुलाला वाटते. — एक पालक, नाशिक

उत्तर : तुमच्या वर्णनावरून तपकिरी मादी गाभण आहे आणि दुसरा प्राणी नर आहे, याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. नराला आजच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. बाकीचे उत्तर त्यानंतर सावकाश वाचले तरी चालेल.

नर पिल्लांना मारील ही भीती गिनीपिगच्या बाबतीत बहुधा खरी ठरत नाही. वेगळे करण्याचे कारण निराळे आहे. व्याल्यानंतर साधारण २ ते १५ तासांच्या आत ही मादी पुन्हा माजावर येते, आणि त्या वेळी नर जवळ असेल तर तिला लगेच दुसरा गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते. मग ज्या शरीरातून नुकतीच पिल्ले बाहेर आली, त्याच शरीराला एकीकडे त्यांना पाजावे लागते आणि दुसरीकडे नवी पिल्ले वाढवावी लागतात. ती रात्री व्याली तर तुम्ही सकाळी उठेपर्यंत हे घडून गेलेले असते. म्हणूनच ‘पिल्ले झाली की नराला हलवू’ असा विचार करणाऱ्या अनेक घरांत सव्वादोन महिन्यांनी पुन्हा पिल्ले होतात आणि तोवर आईचा अंगलोट पार उतरलेला असतो.

तुमच्या मुलाचे म्हणणे मात्र अगदी रास्त आहे. गिनीपिग हा कळपात राहणारा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ सालापासून त्याला एकटे पाळण्यास कायद्यानेच मनाई आहे. दोन्ही पिंजरे शेजारी शेजारी ठेवा, मध्ये बारीक छिद्रांची जाळी असू द्या, म्हणजे दोघांना एकमेकांचा वास आणि आवाज मिळत राहील. पुढे एखादे पिल्लू नर निघाले तर ते मोठे झाल्यावर बापाजवळ राहू शकते आणि बापाचा एकटेपणाही संपतो.

गिनीपिगचा गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो. पिल्ले कमी असली तर तो लांबतो, जास्त असली तर आखूड होतो. पिल्लांची हालचाल हाताला जाणवू लागली म्हणजे शेवटचे दोन-तीन आठवडेच उरलेले असतात आणि तुम्ही दिलेल्या तारखा पाहता तुमच्या हाती त्याहूनही कमी दिवस असावेत. उंदरासारख्या दिसणाऱ्या एवढ्याशा जीवाला इतके दिवस का लागावेत, असा प्रश्न मला पुष्कळजण विचारतात. उंदराची पिल्ले तीन आठवड्यांत आणि सशाची महिन्याभरात जन्मतात, पण ती उघडीवाघडी आणि डोळे मिटलेली असतात. गिनीपिगचे पिल्लू मात्र अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊनच येते आणि काही तासांत पळू लागते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात या प्राण्याचे मूळ आहे. तेथे त्याचे रानटी भाईबंद उघड्या माळावर राहतात आणि संकट आले की पळून जाण्यावरच त्यांचा जीव तरतो, म्हणून पिल्लाला आईच्या पोटातच पुरते तयार व्हावे लागते. या तयारीची किंमत आई मोजते, कारण एकेका पिल्लाचे वजन ६० ते १०० ग्रॅम असते, डोके मोठे असते आणि गर्भकाळाच्या शेवटी मादीचे वजन पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकते.

एवढे मोठे पिल्लू बाहेर यावे म्हणून निसर्गाने एक सोय केलेली आहे. मादीच्या ओटीपोटाखालच्या दोन हाडांमधला सांधा विण्याआधी सैल होतो आणि दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंत फाकतो. मादी सात-आठ महिन्यांची होण्याआधी एकदाही व्याली नसेल, तर हा सांधा घट्ट होण्याचा धोका असतो. तुमची मादी सुमारे साडेचार महिन्यांची पहिलारू आहे. वयाने ती कोवळी असली तरी सांध्याच्या दृष्टीने ही गोष्ट तिच्या बाजूची आहे.

आता तिला जपायचे ते तिच्या भुकेवरून. गर्भकाळाचे शेवटचे दोन आठवडे आणि व्याल्यानंतरचा एक आठवडा या काळात तिने खाणे टाकले, तर शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, चरबी जळताना निघणारी किटोन ही घातक द्रव्ये रक्तात साठतात आणि मादी सुस्त होते, लाळ गाळते, झटके येऊन काही दिवसांत दगावते. लठ्ठ माद्यांना आणि धास्तावलेल्या माद्यांना हा आजार अधिक होतो. त्यामुळे आता वजन वाढते म्हणून खुराक कमी करू नका, पिंजऱ्याची जागा बदलू नका, पाहुण्यांच्या मुलांच्या हाती तिला देऊ नका आणि उचलावेच लागले तर एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली घेऊन उचला. तुमच्या मुलाकडे एक जबाबदारी द्या. रोज सकाळी ठरावीक वेळी तिला एखाद्या टोपलीत बसवून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचे वजन करायचे आणि वहीत लिहायचे. वजन सलग दोन दिवस उतरले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्या. खाणे थांबले असेल तर दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नका.

आहारात वाळलेले गवत अष्टौप्रहर समोर हवेच. एरवी मोठ्या गिनीपिगला मी रोज लसूणघास देऊ देत नाही, कारण त्यातील चुन्याच्या (कॅल्शियमच्या) अंशामुळे मूतखडे होतात. पण गाभण आणि पाजत्या मादीला तोच चुना हवा असतो, म्हणून या काळात लसूणघास रोज द्यावा. दुसरी गोष्ट म्हणजे क जीवनसत्त्व. माणसाप्रमाणे गिनीपिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही आणि १९०७ मध्ये होल्स्ट व फ्रोलिक या नॉर्वेतील संशोधकांनी क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाचा उलगडा करण्याकडे पहिले मोठे पाऊल टाकले ते याच प्राण्यामुळे. एरवी त्याला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० मिलिग्रॅम पुरते, गाभणपणात मात्र ३० मिलिग्रॅमच्या आसपास लागते. ढोबळी मिरचीच्या दोन-तीन मोठ्या फोडी, मूठभर कोथिंबीर आणि पेरूची किंवा आवळ्याची लहानशी फोड एवढ्याने ही गरज बहुतांशी भागते. पिण्याच्या पाण्यात थेंब टाकण्याची पद्धत सोडून द्या, कारण पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासते. नाशिकची जानेवारीतली थंडी लक्षात घेऊन पिंजरा दारा-खिडकीच्या झोतापासून दूर ठेवा आणि तळाशी गवताचा जाड थर द्या.

विण्याची क्रिया बहुधा अर्ध्या तासात आटोपते. मादी बसल्या बसल्या पिल्लू दातांनी ओढून घेते, वरचे आवरण चाटून काढते आणि वार खाऊन टाकते. हे सर्व नैसर्गिक आहे, म्हणून दुरून पाहा. आवरण पिल्लाच्या नाकावर तसेच राहिले आणि आई दुसऱ्या पिल्लात गुंतली, तरच स्वच्छ कोरड्या फडक्याने ते बाजूला करा आणि अंग चोळून पिल्लू आईपाशी ठेवा. मादी वीस-तीस मिनिटे जोराने कळा देत आहे आणि पिल्लू येत नाही, रक्त वाहत आहे, किंवा कळा देऊन थकून ती निपचित पडली आहे, असे दिसले तर त्या घटकेला निघायचे असते. म्हणून गिनीपिगवर शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव असलेले आणि रात्रीही उपलब्ध असलेले पशुवैद्यक कोण, याची चौकशी आजच करून ठेवा.

एक सावधगिरी मुद्दाम सांगते. व्याल्यानंतर मादी मलूल दिसली म्हणून घरातल्या औषधांतील अमॉक्सिसिलिन तिला पाजल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पेनिसिलिनच्या कुळातील औषधे तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि प्राणी दगावतो.

प्रश्न : आमची गिनीपिग सोळा महिन्यांची आहे आणि ती एकदाही व्यालेली नाही. मादीला आयुष्यात एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, त्याने तिची प्रकृती चांगली राहते, असे अनेकजण सांगतात. शेजाऱ्यांकडे नर आहे. दोघांच्याही रंगीत केसांत पांढरे केस मिसळलेले आहेत, त्यामुळे पिल्ले सुंदर होतील असे वाटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पिल्ले झाली तर मुलांनाही पाहता येतील. जोडी लावावी का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : कृपा करून लावू नका. इतके सरळ ‘नाही’ मी या सदरात क्वचितच लिहिते.

वर नाशिकच्या पालकांना लिहिलेले हाडाच्या सांध्याचे कारण तुमच्या मादीला पुरेपूर लागू पडते. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत जवळपास याच वयाची पहिलारू मादी एका कुटुंबाने रविवारी संध्याकाळी माझ्याकडे आणली होती. ती सकाळपासून कळा देत होती, सांधा बोटभरही फाकलेला नव्हता आणि पहिल्या पिल्लाचे डोके मध्येच अडकलेले होते. मी पोट उघडून पिल्ले काढली, पण तिन्ही मेलेली होती आणि पहाटेपर्यंत आईही गेली. त्या घरातल्या दोन मुली बाहेरच्या बाकावर रात्रभर बसून होत्या. मुलांना जन्माचा सोहळा दाखवावा म्हणूनच त्या घरानेही जोडी लावली होती. एकदा व्याल्याने मादीची प्रकृती सुधारते, या समजुतीला कोणताही आधार नाही. वाढत्या वयाच्या माद्यांना अंडाशयात गाठी होतात हे खरे आहे, परंतु त्यावर उपाय पशुवैद्यकाकडून वेळोवेळी तपासणी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया हा आहे.

रंगाबद्दल तुम्ही लिहिले ते बरे झाले, नाहीतर हा धोका लक्षातही आला नसता. रंगीत आणि पांढरे केस असे सरमिसळ असलेल्या गिनीपिगला रोन म्हणतात. दोन रोन एकत्र आणले तर प्रत्येक पिल्लाला दोघांकडून तोच जनुक मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि अशी पिल्ले पांढरीशुभ्र, बहुधा आंधळी व बहिरी, वेड्यावाकड्या दातांची जन्मतात. पुष्कळ पिल्ले लवकर मरतात आणि जी जगतात त्यांना खाताही येत नाही. डल्मेशियन म्हणून विकल्या जाणाऱ्या ठिपकेदार गिनीपिगमध्येही हाच जनुक असतो.

शिवाय नागपूरचा मे महिना गाभण मादीसाठी फार कठीण आहे. सत्तावीस अंशांच्या पुढे गेलेला उकाडा साध्या गिनीपिगलाही सोसत नाही, मग पोटात चार पिल्ले असलेली मादी उष्माघाताने किती चटकन जाईल, याचा विचार करा.

प्रश्न : आमच्या गिनीपिगला तीन पिल्ले झाली असून ती आज अठरा दिवसांची आहेत. नर-मादी कसे ओळखावे? दोन महिन्यांपर्यंत आईजवळ ठेवावीत, असे दुकानदार म्हणतात. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन महिने थांबलात तर आई आणि बहिणी यांच्यापैकी काहीजणी आपल्याच भावाकडून किंवा मुलाकडून गाभण राहिलेल्या असतील. मादी चौथ्या-पाचव्या आठवड्यातही माजावर येऊ शकते आणि काही नर तीन आठवड्यांचे असतानाच गर्भधारणा करू शकतात. इतक्या कोवळ्या मादीच्या पोटात गर्भ राहिला तर तिची स्वतःची वाढ खुंटते. म्हणून २१व्या दिवशी, म्हणजे येत्या तीन दिवसांत, नर पिल्ले आईपासून दूर करा. तोवर ती गवत आणि भाजी खाऊ लागलेली असतात आणि त्यांचे दूध तोडायला हरकत नसते.

ओळखण्यासाठी पिल्लाला मऊ टॉवेलवर उताणे धरा आणि जननभागाच्या किंचित वर, पोटाच्या बाजूने, बोटाने अगदी हलका दाब द्या. नराचे लिंग लहानशा दांडीसारखे बाहेर येते; मादीमध्ये काही बाहेर येत नाही आणि तेथील घडी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. दुकानांत वृषणे दिसत नाहीत म्हणून पिल्लाला मादी ठरवतात, आणि ‘दोन माद्यां’च्या बहुतेक गोंधळांचे मूळ याच चुकीत असते, कारण या वयात वृषणे बाहेरून दिसतही नाहीत. दिवसा चांगल्या उजेडात तिन्ही पिल्ले एकामागून एक पाहिलीत तर फरक लवकर लक्षात येतो. तरीही शंका राहिली तर पशुवैद्यकाला दाखवा आणि तोवर ते पिल्लू नर समजूनच वेगळे ठेवा.

नराला पुढे मादीसोबत ठेवायचे असेल तर त्याचे खच्चीकरण करून घेता येते, मात्र शस्त्रक्रियेनंतर नळीत उरलेले वीर्य काही आठवडे कामाचे असते, त्यामुळे सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांबच ठेवावे लागते. पिल्ले कोणाला देणार असाल तर एकेकटे देऊ नका आणि देताना प्रत्येकाचे लिंग व जन्मतारीख चिठ्ठीवर लिहून द्या. मुली आईजवळच राहू शकतात. पाचव्या आणि आठव्या आठवड्यात त्यांची पुन्हा एकदा तपासणी करा, कारण पहिल्या पाहणीत मादी वाटलेले पिल्लू पुढे नर निघाल्याचे प्रसंग अनुभवी पशुवैद्यकांच्या बाबतीतही घडलेले आहेत.