संग्रहालयातल्या जुन्या कातड्यावरून नवी प्रजाती कशी काय ठरवतात?

ठरवतात, आणि कधीकधी तो प्राणी आधी खणात सापडतो, मग जंगलात! अशाच सापडलेल्या ‘ओलिंगिटो’ या प्राण्याचंच बघा. २००३ मध्ये क्रिस्टोफर हेल्गन हे प्राणिशास्त्रज्ञ ओलिंगोचे (रॅकूनच्या कुळातला, झाडावर राहणारा प्राणी) जुने नमुने तपासत होते. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये एक खण ओढला, तर आत तांबूस, लांब, दाट केसांची कातडी. कवट्या लहान, दातांची ठेवणही वेगळी. चिठ्ठीवर मात्र ‘ओलिंगो’च. त्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं सगळी अँडीज पर्वतातली, ओलिंगो राहतात त्याहून बऱ्याच उंचावरची. खरा धागा मला वाटतं हाच. नुसता रंग वेगळा असणं पुरत नाही. एकाच प्रजातीत रंग बदलतोच.

मग २००६ मध्ये इक्वेडोरच्या धुक्याच्या जंगलात जाऊन जिवंत प्राणी पाहिला, डीएनए ताडून पाहिला, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ओलिंगिटोचं ‘बॅसारिसिऑन नेब्लिना’ हे शास्त्रीय नाव वर्णनासकट छापलं. नेब्लिना म्हणजे स्पॅनिशमध्ये धुकं.

नाव देताना एक ठरावीक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून नेमावा लागतो. पुढे कुणाला शंका आली तर तो काढून ताडून बघायचा. म्हणून ती चिठ्ठी कातड्याइतकीच जपतात.

गंमत म्हणजे यातलीच एक मादी पूर्वी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत ओलिंगो समजून फिरवली जात होती. ओलिंगो नरांशी तिचं काही जमेना. जमणार कसं, जातच वेगळी!